गुलाबी भिंत आणि न लागणारी कडी

कबुलीपासून सुरुवात करते. आमच्या सल्ला केंद्राच्या खोलीला आज जो गुलाबी रंग आहे तो मीच निवडला. कंत्राटदाराचा माणूस शेडकार्ड घेऊन आला, “मॅडम, लेडीज रूमला सगळीकडे हाच चालतो,” म्हणाला. मी चष्मा लावला आणि त्यातल्या त्यात फिका, जरासा राखाडीकडे झुकणारा, गुलकंद मिसळलेल्या दुधासारखा गुलाबी बोटाने दाखवला. रंगून झाल्यावर खोली मला आवडलीसुद्धा. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी म्हणू नये की ही बाई सौंदर्यावर आणि बायकांच्या हौसेवर उठली आहे.

लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात जिल्ह्यातल्या संघटनांची बैठक झाली. तिथे आमच्या खोलीचे फोटो फिरले. आणखी पाच तालुक्यांतली केंद्रं याच धर्तीवर ‘गुलाबी कक्ष’ म्हणून रंगवून घ्यावीत, देणगीदार तयार आहे, असा ठरावाचा मसुदा पुढे आला. बहुतेक मैत्रिणींनी हात वर केले. मी केला नाही. चहा आला होता, परतीची गाडी गाठायची होती आणि माझं म्हणणं दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. ठराव पुढच्या बैठकीत पक्का व्हायचा आहे. त्याआधी हे वाचा.

आमची खोली म्हणजे खरं तर खोली नाही. एका सरकारी इमारतीच्या व्हरांड्याचा शेवटचा तुकडा प्लायवूडने आडवून आम्हांला दिलेला आहे. प्लायवूड साधारण सात फुटांपर्यंत जातं, त्यावर छतापर्यंत मोकळं. दार आहे, पण चौकट वाकल्यामुळे आतली कडी कोंड्यात बसत नाही, म्हणून आम्ही दाराला आतून खुर्ची लावतो. बाहेर बाकडं आहे. त्या बाकड्यावर कोण बसतं? आत बोलायला आलेल्या बाईबरोबर आलेली माणसं. तिचा नवरा, दीर, कधी सासू, कधी गावातला ‘मध्यस्थी करतो’ म्हणणारा कुणी पुढारी.

रंग देण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तिशीतली एक बाई समोर बसली होती. तासभर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती अखेर मूळ गोष्टीवर आली. रात्री घरात काय होतं, कोण खोलीत येतं, नवऱ्याला ते माहीत असूनही तो अंगणात का झोपतो, असं एकेक वाक्य ती बाहेर काढत होती. आणि प्लायवूडच्या पलीकडून कुणीतरी खाकरलं. फक्त खाकरलं. ती थांबली. पदर सारखा केला, पिशवी उचलली, “ताई, नंतर येते,” म्हणाली आणि गेली. नंतर ती आली नाही. आम्ही निरोप पाठवले, गावात जाऊन आलो. घरच्यांनी दारातच सांगितलं, तिचं काही म्हणणं नाही.

त्या दिवसानंतर आम्ही अर्ज केला. प्लायवूड छतापर्यंत न्यावं, किंवा त्याऐवजी विटांची भिंत घालावी. दाराची चौकट बदलावी. बाकडं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला न्यावं. स्त्रियांच्या मुतारीचं कुलूप काढावं. दुसऱ्या समुपदेशक बाईचा पगार मंजूर करावा, कारण एकटी बाई आठवड्याचे सगळे दिवस ऐकत बसली तर तिला ऐकू येईनासं होतं. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. पाच मागण्या होत्या. वर्षभर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि उत्तर आलं ते असं, की महिला दिनापूर्वी कक्षाचं सुशोभीकरण होणार आहे.

मग रंगारी आले. तीन पुरुष आणि एक बाई. जुना रंग खरवडायचं, पॉलिश पेपरने भिंत घासायचं, धूळ झाडायचं काम बाईकडे. लांबी भरणं, प्रायमर मारणं, रंगाचे दोन हात देणं पुरुषांकडे. हजेरी विचारली तर अर्थातच बाईची कमी. का, तर “ती ब्रश धरत नाही.” मी म्हटलं, धरू दिलात का कधी? यावर सगळे हसले, तीही हसली. तिचं तान्हं मूल आमच्या टेबलाखाली पोत्यावर झोपवलेलं होतं आणि त्याच्या अंगावर खरवडलेल्या रंगाची पांढरी पूड पडत होती. स्त्रियांच्या खोलीला स्त्रियांचा रंग देण्याचं काम असं पार पडलं.

एक अवांतर. भिंती सारवणं, पोतारणं, चुन्याचा हात देणं ही आपल्याकडे शतकानुशतकं बायकांची कामं. त्यांना हजेरी नव्हती, तोवर ती बायकांचीच होती. वारली घरांत लग्नाचा चौक सवाष्णी लिहीत. तीच चित्रं सत्तरच्या दशकात कागदावर आली, त्यांना किंमत आली, आणि सगळ्यांत मोठं नाव झालं ते जिव्या सोमा मशे या पुरुषाचं. त्यांच्या कलेबद्दल माझी तक्रार नाही. पण भिंतीला पैसा चिकटला की ब्रश कुणाच्या हातात जातो, हे टिपून ठेवायला हवं.

उद्‌घाटनाला फीत गुलाबी, फुगे गुलाबी, आमच्या साड्याही शक्यतो गुलाबी असाव्यात असा निरोप. भाषणात ‘स्त्रीस्नेही वातावरण’ हा शब्द सात-आठ वेळा आला. पाहुणे गेल्यावर एक म्हातारी आत डोकावली. पोटगीच्या कामासाठी ती दर महिन्याला येते. भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, “रंग ब्येस हाय. पन बाय, मुतारीची किल्ली कुनाकडं हाय?”

किल्ली शिपायाकडे असते. शिपाई जेवायला गेला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. रंग द्यायचाच होता तर हाच का? पिवळा का नाही, हिरवा का नाही? आमच्या बैठकीत एकीने सांगितलं की फिक्या गुलाबीने मन शांत होतं, हे शास्त्राने सिद्ध झालेलं आहे. मग ते शास्त्र कुठलं, कुणावर आणि कशासाठी वापरलं गेलं, हेही सगळ्यांना कळायला हवं.

अमेरिकेत अलेक्झांडर शॉस नावाच्या संशोधकाचं म्हणणं होतं की एका विशिष्ट गुलाबीकडे पाहत राहिलं की माणसाचा जोर ओसरतो. १९७९ साली सिअ‍ॅटल इथल्या नौदलाच्या बंदीगृहात एक कोठडी त्या रंगाने रंगवून घेतली गेली. गॅलनभर पांढऱ्या रंगात पाइंटभर लाल, अशी ती कृती. बंदीगृहाच्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून रंगाला ‘बेकर-मिलर पिंक’ म्हणू लागले. पंधरा मिनिटं आत ठेवलं की भांडखोर कैदी मऊ पडतो, असा बोलबाला झाला आणि ठिकठिकाणच्या तुरुंगांत हा रंग पोचला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्याचीच फिकी बहीण ‘कूल डाउन पिंक’ या नावाने कोठड्यांच्या भिंतींवर चढली. मग २०१५ साली स्विस तुरुंगातलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही कैदी गुलाबी कोठडीत, काही साध्या कोठडीत, अशी रीतसर तुलना त्यात होती. गुलाबी कोठडीतल्यांचा आक्रमकपणा काही कमी भरला नाही. म्हणजे शास्त्राचा आधारही असा पोकळ. पण घटकाभर धरून चालू की तो भरीव होता. तरी मला विचारायचंय, मैत्रिणींनो, की कैद्याचा जोर काढून घेण्यासाठी शोधलेला रंग आपल्याकडे दाद मागायला आलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर आपण का लावतो आहोत? तिचा कुठला जोर आपल्याला जास्त झाला आहे?

तुरुंगाबाहेरचं उदाहरण तर आणखी उघडं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर पाहुण्या संघाची कपडे बदलायची खोली गुलाबी आहे. हेडन फ्राय नावाच्या प्रशिक्षकाने ती तशी रंगवून घेतली. ते मानसशास्त्र शिकलेले होते. हा मुलींच्या झोपायच्या खोलीचा रंग, म्हणून तो पुरुषांना बायकी वाटतो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. २००५ साली मैदानाचं नूतनीकरण झालं तेव्हा कपाटं आणि मुताऱ्यासुद्धा गुलाबी बसवल्या. एरिन बुझुव्हिस या कायद्याच्या अध्यापिकेने आक्षेप घेतला की यात बाईपणाचाच अपमान आहे. तिला धमक्यांची पत्रं आली. गंमत म्हणून लावलेल्या रंगाला हात लावला तर माणसं एवढी चवताळतात, यावरून ती गंमत किती खोल रुतलेली आहे ते समजावं. पुरुषाला खाली ओढायचं तर त्याला गुलाबी खोलीत बसवा, आणि बाईचा सन्मान करायचा तर तिलाही त्याच खोलीत बसवा! दोन्हीकडे बाईची जागा एकच ठरलेली आहे.

आणि हा रंग ‘मुळातच’ बायकांचा, हे कुणी ठरवलं? १९१८ साली अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने सल्ला दिला होता की गुलाबी ठसठशीत, म्हणून मुलग्यांना द्यावा, आणि निळा नाजूक, म्हणून मुलींना. दुसरं महायुद्ध संपलं, कारखान्यांत राबलेल्या बायकांना परत घरी पाठवायची वेळ आली आणि पन्नासच्या दशकात न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत घरं गुलाबी होऊ लागली. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी शपथविधीच्या समारंभात गुलाबी झगा घालून आल्या आणि त्यांच्या नावाचा फिका गुलाबी न्हाणीघरांच्या फरश्यांवर गाजला.

आपल्याकडे तर हे नातं आणखीच अलीकडचं. आपला गुलाबी पाहा कुठे आहे. लग्नात वराकडच्या पुरुषांच्या डोक्यावर गुलाबी फेटा. चैत्रात जोतिबाचा अख्खा डोंगर गुलालात न्हातो आणि सासनकाठ्या नाचवणारे ते गुलाबी चेहरे बहुतेक पुरुषांचे. निवडणूक जिंकली की गुलाल, बैलगाड्यांची शर्यत जिंकली की गुलाल. आपल्या मुलखात हा पुरुषांच्या विजयाचा रंग आहे. आणि भिंतींचं म्हणाल, तर चुन्यात चिमूटभर गेरू किंवा काव पडली की जो मंद गुलाबी होतो, तो जुन्या घरांच्या ओटीवर, माजघरात, सगळीकडे असायचा. त्या ओटीवर बाई यायचीही नाही. रंगाला लिंग नव्हतं. ते दुकानातून आलं, खेळण्यांच्या आणि बाळाच्या कपड्यांच्या फळ्यांवरून आलं, आणि आता सरकारी योजनांच्या पाठीवर बसून आपल्या व्हरांड्यापर्यंत पोचलं.

२०१७ च्या गोवा विधानसभा निवडणुकीत चाळीस मतदारसंघांत एकेक असं चाळीस ‘गुलाबी मतदान केंद्रं’ केली होती. तिथला सगळा कारभार स्त्रियांकडे, ही चांगली गोष्ट, तिचं मी मनापासून स्वागत करते. पण भिंती, पडदे, टेबलावरची कापडं गुलाबी, आणि काही मतदार स्त्रियांना गुलाबी टेडी बेअर भेट! मतदान करणारी बाई अठरा वर्षांच्या वरची असते, हे आयोगाहून जास्त कुणाला ठाऊक असणार? त्या निवडणुकीत चाळीसपैकी किती स्त्रिया आमदार झाल्या? दोन. चाळीस गुलाबी केंद्रं आणि दोन आमदार. २०२४ मध्ये आपल्याकडेही विधानसभेच्या आधी एका पक्षाच्या पुढाऱ्यांनी गुलाबी जाकिटं चढवली आणि बहिणींच्या ओवाळणीचे फलक गावोगाव लागले. ओवाळणी घेऊ नका असं मी म्हणत नाही. ज्या बाईच्या खात्यात पंधराशे रुपये आले तिला त्याची किंमत माझ्याहून जास्त कळते. पण खात्यात पैसे आले म्हणून मुतारीची किल्ली मागायची थांबवू नका, एवढंच.

इथे मला उलट विचारलं जाईल, आणि विचारलं गेलं आहे, की मग बांद्याच्या गुलाबी गँगचं काय? २००६ पासून बुंदेलखंडात संपतपाल देवींच्या बायका गुलाबी साड्या नेसून, हातात लाठ्या घेऊन पोलीस ठाण्यावर गेल्या, ते खोटं का? खोटं मुळीच नाही. पण तो रंग कुणी शेडकार्डावरून त्यांच्यासाठी निवडला नव्हता. भगवा, हिरवा, निळा, लाल हे सगळे कुठल्या ना कुठल्या पक्षाने किंवा धर्माने आधीच अडवलेले होते. गुलाबी मोकळा होता, म्हणून त्यांनी तो उचलला. आणि तो त्यांनी अंगावर घेतला, भिंतीला दिला नाही. त्या साडीतली बाई समोरच्याला शांत करायला गेली नव्हती. २००९ साली मंगळूरमध्ये पबमधल्या मुलींना मारहाण झाली, तेव्हा देशभरातून गुलाबी चड्ड्यांची पार्सलं त्या सेनेच्या म्होरक्याला गेली. तोही हाच रंग. खांद्यावर घेतलेल्या निशाणाचं आणि भिंतीला दिलेल्या रंगाचं मोजमाप एकाच मापाने करू नका.

आता पैशाचं बोलते, कारण खरा मुद्दा तिथे आहे आणि आपण स्त्रिया तो बोलायला लाजतो. रंग एकदाच द्यावा लागतो. त्याचं उद्‌घाटन होतं, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो निघतात, अहवालात ‘उद्दिष्ट पूर्ण’ लिहिता येतं. समुपदेशक बाईचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि तिचा फोटो काढून काही दिसत नाही. एक बाई एका बाईशी बोलते आहे, याचा फोटो कुणाला हवा? कडीचा तर नाहीच. लागलेल्या कडीची फीत कापता येत नाही. म्हणून देणगीदाराला रंग आवडतो, खात्याला रंग आवडतो, आणि दहा वर्षं रिकाम्या हाती परत आलेल्या आपल्यासारख्यांनाही, ‘काहीतरी तर मिळालं’ म्हणून, रंग आवडायला लागतो. माझं नेमकं हेच झालं. पाच मागण्यांतली एकही मान्य झाली नव्हती आणि मी शेडकार्डावर बोट ठेवून छटा निवडत होते! अर्जाचं काय झालं, हे त्या दिवशी मी विचारलंसुद्धा नाही. आधी ते विचारायचा माझा अधिकार कुणी काढून घेतला नव्हता. रंगासाठी आभार मानल्यावर तो मीच सोडून दिला. पुढच्या वेळी साहेबांकडे गेले तर ते म्हणाले, “आत्ताच तर तुमचं काम केलं.”

आपण कुठून निघालो ते जरा आठवा. मथुरा प्रकरणात १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, तेव्हा मागणी होती ती पोलीस ठाण्यात बाईचं बोलणं नीट ऐकलं जावं, लिहून घेतलं जावं याची. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. त्यातली ताकद खोलीच्या सजावटीत नव्हती. शिकलेली समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच छपराखाली बसणार, तिच्या शब्दाला वजन राहणार, यात होती. २०११ साली मुंबईत संघटनांनी ‘राइट टू पी’ची मोहीम काढली. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे का, असा साधा सवाल होता. त्या सगळ्या बायकांनी भांडण मांडलं ते दरवाजा, पाणी, कुलूप, पैसे आणि माणूस यांवरून. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा झाला तो अशाच भांडणांतून. त्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याला बसायला जागा आहे का, फिरायला वाहन आहे का, हे आपण विचारायचं की तिच्या खोलीचे पडदे कुठले आहेत हे?

आणि शांततेबद्दल. खोलीत येणारी बाई शांतच असते हो. वर्षानुवर्षं शांत राहूनच ती तिथपर्यंत आलेली असते. माझ्या समोर ज्या बायकांचं प्रकरण पुढे गेलं, त्या बहुतेक सगळ्या कुठल्या तरी क्षणी भडकल्या होत्या. टेबलावर हात आपटला होता, नवऱ्याला नावं ठेवली होती, मलाही ठेवली होती. एकीने तर आमचा पाण्याचा तांब्या भिरकावला. पोचा पडलेला तो तांब्या अजून आम्ही वापरतो. तो संताप तिच्या कामी आला. तो बाहेर यायला तिला एकच गोष्ट लागते: पलीकडे कुणी ऐकत नाही याची खात्री. रंग ती देऊ शकत नाही. सात फुटांवर थांबलेलं गुलाबी प्लायवूडही देऊ शकत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत मी दुरुस्ती मांडणार आहे. पाचही केंद्रांसाठी देणगीदाराला आपण आपलं मागणीपत्र द्यावं. छतापर्यंत भिंत. आतून लागणारी कडी. बाकडं दूर. मुतारीची एक किल्ली केंद्रातल्या बाईकडे. आणि दुसऱ्या समुपदेशकेचा किमान तीन वर्षांचा पगार लेखी. हे मान्य झालं, आणि पैसे उरले, तर मग रंग. तो कोणता द्यायचा ते त्या त्या केंद्रात येणाऱ्या बायकांना विचारावं. त्यांनी गुलाबी म्हटलं तर गुलाबी द्यावा, माझी ना नाही. फक्त घासकाम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकी हजेरी मिळावी, एवढं त्यात घालून ठेवा. देणगीदार म्हणेल आमच्याकडे फक्त रंगाचं अंदाजपत्रक आहे, तर त्याला नम्रपणे नाही म्हणायची तयारी ठेवावी लागेल. त्यावर मतं घ्यावीत.

आमच्या खोलीत सध्या बायका टेकून बसतात त्या जागी भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग पडले आहेत आणि तिथला गुलाबी तपकिरी झाला आहे. महिला दिनाच्या आत नवा हात मारून देतो, असं कंत्राटदार सांगून गेला. त्याला थांबवलं आहे. चौकटीसाठी सुतार बघायला येणार आहे. त्याचे पैसे आम्ही आपसांत वर्गणी काढून जमवतो आहोत.